सोनाट्याचा साचा आणि लाउतारांचा सूर: रोमेनियन व्हायोलिन-पियानो सोनाट्यांतला रोमँटिक वारसा

रोमेनियन संगीतकार जॉर्जे एनेस्कू याचा व्हायोलिन आणि पियानोसाठीचा तिसरा सोनाटा 1926 सालचा आहे आणि त्याच्या उपशीर्षकातच तो रोमेनियन लोकसंगीताच्या वळणाचा असल्याचे म्हटलेले आहे. या रचनेविषयी बहुतेक ठिकाणी एक ठरलेली मांडणी वाचायला मिळते. ती अशी, की पहिले दोन सोनाटे तरुण वयात, जर्मन आणि फ्रेंच रोमँटिक, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या भावनाप्रधान, संगीताच्या छायेत लिहिले गेले आणि तिसऱ्यात एनेस्कूने ती छाया झटकून आपल्या मातीचा सूर धरला. ही मांडणी अर्धीच खरी आहे. तिसऱ्या सोनाट्यातला सूर मातीतला आहे हे निर्विवाद. पण तो सूर सोनाट्यासारख्या बांधीव रचनेत आणावासा वाटणे, त्यातली हुरहुर हाच रचनेचा विषय मानणे आणि वादकाच्या मनातला क्षणिक बदलही कागदावर उतरवण्याचा ध्यास घेणे, या तिन्ही गोष्टी रोमँटिक आहेत. लोकसंगीत आल्यावर रोमँटिकपणा गेला असे तेथे घडले नाही, उलट लोकसंगीताला आत येण्याची वाट त्यानेच करून दिली. हे कसे, ते समजण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे.

सोनाटा म्हणजे एका किंवा दोन वाद्यांसाठी लिहिलेली, सहसा तीन किंवा चार भागांची रचना. तिच्या पहिल्या भागात बहुधा दोन वेगळ्या स्वभावाच्या सुरावटी मांडल्या जातात, मग त्या मोडून, वळवून, निरनिराळ्या स्वरपट्ट्यांतून फिरवून त्यांच्यात ताण निर्माण केला जातो आणि अखेरीस त्या मूळ पट्टीवर परत आणल्या जातात. अठराव्या शतकात हा साचा तोलाचा आणि प्रमाणबद्धतेचा होता. एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक संगीतकारांनी साचा टाकला नाही, पण त्याचे काम बदलले. सुरावट आता मनाची अवस्था दाखवू लागली, सुसंवादी स्वरांच्या जोड्या अधिकाधिक रंगीत आणि संदिग्ध झाल्या, लय वादकाच्या श्वासाबरोबर पुढेमागे होऊ लागली आणि आपल्या प्रदेशाची गाणी, नाच, दंतकथा यांना प्रतिष्ठित रचनांत जागा मिळाली. व्हायोलिन-पियानोच्या क्षेत्रात जर्मन संगीतकार ब्राम्सचे तीन सोनाटे, फ्रेंच संगीतकार फोरेचा 1876 सालचा पहिला सोनाटा आणि सेझार फ्रांकचा 1886 सालचा सोनाटा ही या काळाची मोठी शिखरे आहेत. फ्रांकच्या सोनाट्यात पहिल्या भागातली बीजे पुढच्या भागांत वेष पालटून पुन्हा भेटतात. चक्राकार बांधणीची ही कल्पना पुढे एनेस्कूच्या फार कामी आली.

रोमेनियात हे सारे जरा उशिरा पोहोचले, आणि त्याला राजकीय कारण आहे. मोल्दाव्हिया आणि वालाकिया ही दोन संस्थाने 1859 साली एका शासकाखाली आली. मोल्दाव्हियातल्या याश येथील संगीत विद्यालय 1860 मध्ये आणि बुखारेस्टचे 1864 मध्ये सुरू झाले. 1877 मध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले आणि 1881 मध्ये रोमेनिया हे राज्य म्हणून घोषित झाले. म्हणजे व्हिएन्नात ब्राम्स प्रौढ रचना लिहीत होता तेव्हा रोमेनियात व्हायोलिन शास्त्रशुद्ध शिकवणारी पहिली पिढी नुकती उभी राहत होती. मात्र व्हायोलिन तेथे नवे नव्हते. लाउतार म्हणून ओळखले जाणारे व्यावसायिक वादक, ज्यांत रोमा समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते, लग्नात, जत्रेत आणि जमीनदारांच्या वाड्यांवर पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन वाजवत आले होते. त्यांच्या ताफ्यात व्हायोलिनच्या जोडीला आखूड दांडीचे तंतुवाद्य कोब्झा, बांबूच्या नळ्यांचे नाय आणि काठ्यांनी वाजवायचे, संतूरच्या कुळातले त्सांबाल असे. स्वरलिपी त्यांना ठाऊक नव्हती आणि तिची गरजही नव्हती. 1846-47 च्या हिवाळ्यात हंगेरियन पियानोवादक फ्रांझ लिस्ट बुखारेस्ट आणि याश येथे आला, तेव्हा त्याने या वादकांना ऐकले आणि तो भारावला. अशा वादकांचे आकर्षण हा रोमँटिक वृत्तीचाच एक भाग होता, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या पहिल्या पिढीतले दोघे उल्लेखनीय आहेत. एदुआर्द काउदेल्ला हा याशचा व्हायोलिनवादक आणि शिक्षक. त्याने बेल्जियमच्या प्रसिद्ध व्ह्यूताँकडे धडे घेतले होते. चिप्रियान पोरुम्बेस्कू हा दुसरा. व्हिएन्नात शिकून आलेल्या या तरुणाने 1880 मध्ये व्हायोलिनसाठी ‘बालादा’ लिहिली आणि 1883 मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच, तो गेला. ‘बालादा’ सोनाटा नाही, तिची बांधणीही साधी आहे, पण रोमेनियन गाण्यातली विराणी आणि व्हिएन्नाचा सुसंवाद, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, एका सुरावटीत बसू शकतात हे तिने दाखवून दिले. रोमेनियात ती आजही घरोघरी ठाऊक आहे. तरीही स्पष्टच सांगायचे तर तिच्यात लोकसंगीत हे वरच्या नक्षीइतकेच आहे. खालचे बांधकाम पूर्णपणे मध्य युरोपीय आहे.

एनेस्कूचा जन्म 1881 मध्ये मोल्दाव्हियातल्या लिवेनी या खेड्यात झाला. चारएक वर्षांचा असताना त्याला पहिले धडे मिळाले ते लाए क्योरू नावाच्या लाउताराकडून, म्हणजे कानाने ऐकून बोटाने काढण्याच्या पद्धतीने. मग काउदेल्लाने त्याला ऐकले, आणि 1888 मध्ये सातव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तेथे धाकटा योझेफ हेल्मेसबर्गर त्याचा व्हायोलिनचा गुरू आणि रॉबर्ट फुक्स रचनाशास्त्राचा. ब्राम्स त्या शहरात राहत होता, विद्यालयाच्या वर्तुळात वावरत होता आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात बसलेल्या या मुलाने त्याला जवळून पाहिले. 1895 मध्ये एनेस्कू पॅरिसला गेला. तेथे मार्सिककडे व्हायोलिन, आधी मासने आणि नंतर फोरे यांच्याकडे रचना आणि आंद्रे जेदाल्जकडे प्रतिस्वरविद्या, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी चालवण्याचे शास्त्र, असे त्याचे शिक्षण झाले. लाउताराची बोटे, ब्राम्सची बांधणी आणि फोरेचा मंद प्रकाशातला सुसंवाद असे तीन संस्कार विशीच्या आत एकाच माणसावर झाले होते.

पहिला सोनाटा 1897 सालचा, मेजर (शुद्ध गंधाराच्या) पट्टीतला. सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेली ही रचना अत्यंत सफाईदार आहे आणि ती ऐकताना शूमान आणि ब्राम्स सतत आठवतात. ब्राम्स त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला, हा केवळ योगायोग. या सोनाट्यात रोमेनिया शोधत बसण्यात अर्थ नाही. एका हुशार विद्यार्थ्याने गुरूंचे ऋण फेडले, इतकेच त्याविषयी म्हणावे आणि पुढे जावे.

दुसऱ्या सोनाट्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. हा 1899 सालचा, एफ मायनर (कोमल गंधाराच्या) पट्टीतला सोनाटा तिबो बंधूंना अर्पण केलेला असून, 1900 मध्ये पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग जाक तिबोने व्हायोलिनवर आणि खुद्द एनेस्कूने पियानोवर केला. एनेस्कू नंतर सांगत असे, की याची मूळ सुरावट त्याला चौदाव्या वर्षी सुचली होती, ती त्याने तीन वर्षे मनात बाळगली आणि मग सोनाटा पंधरवड्यात लिहून काढला. आपण ‘आपण’ झालो ते या सोनाट्यापासून आणि त्यापाठोपाठच्या आठ तंतुवाद्यांच्या रचनेपासून, असेही तो म्हणे.

या सोनाट्याची सुरुवात लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. सामान्यतः अशा रचनेत पियानो खाली स्वरांची बैठक घालतो आणि व्हायोलिन वर गाते. येथे तसे काहीच होत नाही. व्हायोलिन आणि पियानो एकच सुरावट, एकाच वेळी, सप्तकांच्या अंतराने, अगदी दबक्या आवाजात म्हणू लागतात. खाली सुसंवादाचा आधार नाही, त्यामुळे पट्टी कोणती हेसुद्धा काही क्षण नक्की कळत नाही. ठेका नऊ मात्रांचा आणि लांबलचक असल्याने आवर्तनाची सीमारेषाही कानाला पुसट लागते. ही लांब, नागमोडी, मध्येच थबकणारी सुरावट पुढच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे बीज आहे. तिचे तुकडे पहिल्या भागात वर येतात, बुडतात. आणि अखेरच्या चपळ भागात आधीच्या भागांतल्या सुरावटी पुन्हा हजेरी लावतात. ही फ्रांककडून आलेली चक्राकार बांधणी आहे, सुसंवादातले अलगद रंगबदल फोरेच्या घरातले आहेत, आणि एका बीजातून सारे झाड उगवावे हा हट्ट ब्राम्सचा. मग यात रोमेनियन काय? उसनी घेतलेली एकही धून येथे नाही. पण मेजर आणि मायनर यांच्यामध्ये रेंगाळणारा सूर, आधाराशिवाय चालणारी एकेरी सुरावट आणि दुसऱ्या भागातली कोणालाही उद्देशून नसलेली विराणी यांत लहानपणी ऐकलेल्या गाण्याची चाल आहे. माझ्या मते रोमेनियन सोनाट्याचा खरा आरंभ येथेच होतो, तिसऱ्यापाशी नव्हे. फरक इतकाच, की येथे ती भाषा आतून बोलते आणि वरून फ्रेंच कपडे घालते.

यानंतर 1901 मध्ये एनेस्कूने वाद्यवृंदासाठी दोन ‘रोमेनियन ऱ्हाप्सोडी’, म्हणजे मुक्त बांधणीच्या रचना, लिहिल्या. त्यांत लोकधुना जशाच्या तशा आहेत आणि त्यांनी त्याला जगभर नाव मिळवून दिले. त्याला मात्र त्या मर्यादित वाटत. तयार लोकधून ही स्वतःत पूर्ण असते. तिची पुनरावृत्ती करता येते, तिच्याशेजारी दुसरी धून ठेवता येते, पण सोनाट्यात लागतो तसा तिचा विकास करायला गेले की ती मोडते, हे त्याने ओळखले होते. एका नव्या व्हायोलिन सोनाट्याचा पहिला भाग त्याने 1911 मध्ये लिहिला आणि काम तेथेच सोडून दिले. उपाय सापडायला पुढची पंधरा वर्षे जावी लागली. तो असा, की धुना उचलायच्या नाहीत, त्या ज्या रीतीने घडतात ती रीत उचलायची.

ही रीत समजण्यासाठी दोइना या गीतप्रकाराची ओळख हवी. दोइना ठेक्यात बांधलेली नसते. गाणारा किंवा वाजवणारा काही ठरलेले स्वरसमूह हाताशी घेऊन ते लांबवतो, त्यांभोवती मुरक्या घालतो, एखाद्या स्वरावर थांबतो, मध्येच बोलल्यासारखा भरभर उतरतो. सुरावट दर वेळी निराळी निघते, स्वभाव मात्र तोच राहतो. तिच्या स्वरांत आपल्या कानांना एक ओळखीची जागा सापडते, ती म्हणजे कोमल गंधारावरून एकदम तीव्र मध्यमावर जाणे. मधले अंतर नेहमीपेक्षा रुंद पडल्यामुळे तेथे एक ओढ तयार होते. तिसऱ्या सोनाट्याच्या पहिल्या भागाचे नावच ‘मध्यम लयीत, खिन्नपणे’ अशा अर्थाचे आहे आणि त्याची मुख्य सुरावट याच स्वरांच्या आसऱ्याने फिरते. दुसरा भाग संथ आणि गूढ, तर तिसरा नाचाचा आहे.

खरी पंचाईत पियानोची होती. लाउताराचे व्हायोलिन दोन स्वरांच्या मधल्या जागाही दाखवते, घसरते, स्वर किंचित चढवते किंवा उतरवते. पियानोच्या पट्ट्या मात्र ठोकून बसवलेल्या असतात. मराठी वाचकाला या अडचणीची फोड करून सांगावी लागू नये, कारण गायकाच्या मींडेशी हार्मोनियमचे जमत नाही याच मुद्द्यावर आपल्याकडे केवढा वाद झाला आणि 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्या वाद्यावर बंदीही घातली. एनेस्कूने मात्र पियानोला बाहेर बसवले नाही, त्याचे काम बदलले. पियानो येथे सुसंवादाची बैठक घालण्यापेक्षा त्सांबालसारखा झणझणतो. एकाच स्वराची जलद पुनरुक्ती, तुटक तुषारांसारखे स्वरसमूह आणि पायदाब (पेडल) वापरून रेंगाळवलेला नाद यांतून काठ्यांनी छेडलेल्या तारांचा भास निर्माण होतो. दुसरी युक्ती अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही वाद्ये एकच सुरावट वाजवतात, पण तंतोतंत नाही. एकजण मुरकी आधी घेतो, दुसरा मागाहून; एक स्वर लांबवतो, दुसरा मोडतो. लाउतारांच्या ताफ्यात हे स्वाभाविकपणे घडते, कारण सर्वांना धून ठाऊक असते आणि प्रत्येकजण ती आपल्या परीने वाजवतो. दोन्ही सुरावटींतल्या बारीक फटीमुळे पियानोचा ठोकळेबाज स्वरसुद्धा हलता वाटू लागतो. दुसऱ्या सोनाट्याच्या आरंभी दोन वाद्यांनी एकत्र म्हटलेली एकेरी सुरावट आठवली, तर हा विचार किती आधीपासून चालू होता ते कळेल.

मुद्रित स्वरलिपीचे एखादे पान पाहिले तर डोळे फिरतात. स्वर कोणत्या तारेवर घ्यायचा, गज टोकाकडे की मुठीजवळ, घोडीजवळ की बोटपट्टीवर, कंप द्यायचा की स्वर सपाट ठेवायचा, तो पाव स्वराने चढवायचा किंवा उतरवायचा का, घसरण कोठून कोठे, या सगळ्या सूचना तेथे लिहिलेल्या आहेत. लय सैल आहे, पण तो सैलपणा वादकावर सोडलेला नाही. मात्रांच्या बारीक हिशोबात तो नोंदवलेला आहे. एनेस्कूचा शिष्य येहुदी मेन्युहिन या स्वरलेखनाला संगीतलेखनातली एक अपूर्व कामगिरी मानत असे. यावर असा आक्षेप घेता येईल, की उत्स्फूर्त गाणे असे अक्षरशः लिहून काढले तर त्यातली उत्स्फूर्तताच मरते. आक्षेपात तथ्य आहे, आणि भित्र्या हातांत हा सोनाटा खरोखर मरतोही. पण रोमँटिक संगीतकार जिच्या मागे शतकभर लागले होते, ती क्षणाक्षणाला बदलणारी भावस्थिती येथे कागदावर आलेली आहे. शूमान ‘आत्मीयतेने’ असा एखादा शब्द लिहून वादकावर भरवसा टाकी. एनेस्कूने त्या एका शब्दामागची हाताची सगळी हालचाल लिहिली.

दुसरा भाग या दृष्टीने सर्वांत धाडसी आहे. पियानो एकच स्वर मंद आवाजात पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, रात्रीच्या किड्याच्या आवाजासारखा. त्यावर व्हायोलिन तार नुसती बोटाने स्पर्शून निघणारे, शिटीसारखे पोकळ सूर काढते. बराच वेळ सुरावट म्हणावी असे काही घडत नाही, आणि मग हळूहळू त्यातून गाणे आकाराला येते, तापते, दोन्ही वाद्ये पूर्ण आवाजात पोहोचतात आणि पुन्हा विझतात. रोमँटिक संगीतात रात्र हा लाडका विषय होता. पण तेथे रात्र म्हणजे प्रेमिकाचे एकांतातले गाणे. येथे माणूस जवळजवळ नाही, मोकळा माळ तेवढा आहे. तिसऱ्या भागात लाउतारांचा नाच येतो, पियानोत शेजारशेजारचे स्वर एकदम आपटले जातात, आधीच्या भागांतल्या सुरावटींचे धागे परत दिसतात आणि शेवट उल्हासात न होता जवळजवळ हिंसक जोरात होतो. तीन भाग, बीजांचे परतणे, ताण आणि त्याची परिणती ही सारी फ्रांक-ब्राम्सच्या शाळेची शिस्त खाली तशीच शाबूत आहे. ती नसती तर अर्ध्या तासाच्या आसपासचा हा विस्तार कोसळला असता. हा सोनाटा फ्रांत्स क्नाइझेलच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. क्नाइझेल बुखारेस्टमध्ये जन्मला, व्हिएन्नात शिकला आणि अमेरिकेत आपल्या चार तंतुवादकांच्या चौकडीसह जर्मन परंपरेचे संगीत रुजवण्यात आयुष्य घालवून 1926 मध्येच वारला. रोमेनियन वळणाची रचना अशा माणसाच्या नावे करण्यात एनेस्कूला विसंगती वाटली नाही, हे पुरेसे बोलके आहे. पहिला प्रयोग 1927 मध्ये ओराद्या शहरात, पियानोवर निकोलाए कारावियाच्या साथीने झाला.

एनेस्कूच्या आसपासच्या इतरांविषयी थोडक्यात. स्तान गोलेस्तान पॅरिसला व्हँसाँ दँदीच्या विद्यालयात, म्हणजे फ्रांकच्या शिष्यपरंपरेत शिकला आणि त्याने 1908 मध्ये व्हायोलिन सोनाटा लिहिला. मिहाइल जोरा लाइपझिगला माक्स रेगरकडे शिकला आणि त्याच्याबरोबर जर्मन रोमँटिक परंपरेचा उत्तरकाळ बुखारेस्टच्या वर्गांत पोहोचला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी पाउल कॉन्स्तान्तिनेस्कू आणि दिनू लिपात्ती या दोघांनीही 1933 च्या सुमारास व्हायोलिन-पियानोसाठी सोनाटिना, म्हणजे छोटेखानी सोनाटे लिहिले. या पिढीत भावनेचा भार उतरलेला आहे, नाचाचे ठेके स्वच्छ आणि कडक झाले आहेत आणि विस्तार आखूड आहे. रोमँटिक वारशापासून सरळसरळ दूर जाणे पाहायचे असेल, तर ते एनेस्कूत नव्हे, येथे पाहावे. एनेस्कू स्वतः मात्र 1940 मध्ये ‘बालपणीच्या आठवणी’ या अर्थाच्या नावाची, सोनाटा नसलेली दहा छोट्या चित्रांची मालिका व्हायोलिन-पियानोसाठी लिहून पुन्हा आठवणींकडेच वळला. ती त्याने काउदेल्लाच्या स्मृतीला वाहिली आणि तिच्या आरंभी एकटे व्हायोलिन गावच्या वादकाचे रूप घेऊन येते.

ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन जुनी ध्वनिमुद्रणे सर्वांत उपयोगी आहेत. मेन्युहिनने आपली बहीण हेफ्झिबा हिच्यासह तिसरा सोनाटा 1936 मध्ये मुद्रित केला. तो 1927 पासून एनेस्कूकडे शिकत होता, आणि 1952 मध्ये मुंबईसह भारतातल्या शहरांत वाजवायला आला तेव्हा हाच शिक्षणाचा वारसा त्याच्या हातात होता. त्याचे वादन तरुण, तेजस्वी आणि थोडे जास्त सुंदर आहे. एनेस्कू (व्हायोलिन) आणि लिपात्ती (पियानो) यांनी 1943 मध्ये बुखारेस्टमध्ये दुसरा आणि तिसरा असे दोन्ही सोनाटे एकत्र मुद्रित केले. एनेस्कू तेव्हा साठी ओलांडलेला होता, मुद्रणात खरखर आहे, स्वरही कोठे कोठे कोरडा लागतो. पण कोठे बोलायचे आणि कोठे गायचे हे त्याच्याइतके कोणाला कळलेले नाही. दोन्ही सोनाटे लागोपाठ ऐकावेत, आणि दुसरा आधी. त्याच्या पहिल्या काही मिनिटांतली ती एकेरी सुरावट कानात बसली, की तिसऱ्यातला बिकट वाटणारा विस्तारही ओळखीचा वाटू लागतो.